दीड तोळा कॉफी

मराठी मध्यमवर्गीय घरात वाढलेल्या माणसाने घरी एस्प्रेसो करण्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. मशीन महाग असतं म्हणून नाही. महाग वस्तू आपणही घेतो. फक्त घेण्याआधी दोन वर्षं विचार करतो आणि घेतल्यानंतर चार वर्षं किंमत कमी करून सांगतो. अडचण संस्कारांची आहे. पानात टाकायचं नाही हा आपल्यावरचा पहिला संस्कार, आणि एस्प्रेसो हा सगळा टाकून देण्याचा मामला. नवी पिशवी उघडली की पहिला कप आंबट येतो, तो ओतून द्या. दळण बारीक करा. आता कडू येतो, तोही ओता. ग्राइंडरच्या पोटात जुन्या दळणाची चिमूटभर पूड अडकलेली असते, ती आधी बाहेर काढा आणि फेका. जाणकार मंडळी हे सगळं इतक्या शांतपणे सांगतात, की लहानपणी यांना पानावरून उठायच्या आधी कुणी हटकलेलंच नसावं.

आमच्या घरी टाकत नाहीत. त्यामुळे आंबट कप मी पिते, कडू कप नवरा पितो, आणि बरा जमलेला कप येईपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. तो बरा कप मग न्यायाने अर्धा अर्धा वाटून घेतला जातो, आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत छताकडे बघत गृहकर्जावर चर्चा करतो.

आम्ही राहतो टोरांटोला चिकटलेल्या मिसिसागात. कॅनडात कॉफी पिकत नाही; पिकतात त्या कॉफी भाजणाऱ्या कंपन्या. व्हँकुव्हरपासून हॅलिफॅक्सपर्यंत कुठल्याही शहरात जा, एखादं जुनं गोदाम, आत बिया भाजायचा मोठा ड्रम, दाराशी सायकली आणि गल्ल्यावर दाढीवाला तरुण, हे दृश्य असतंच. सामान्य कॅनडियन माणूस या सगळ्याकडे दुर्लक्ष करून टिम हॉर्टन्सच्या रांगेत उभा राहतो आणि दोन क्रीम, दोन साखरवाली 'डबल-डबल' घेऊन कामाला जातो. तो सुखी आहे. मला मात्र घरबसल्या देशाची चव घ्यायची होती, म्हणून मी निरनिराळ्या शहरांतल्या पिशव्या टपालाने मागवू लागले. नवरा हिशेब ठेवू लागला.

हिशेब असा. पिशवीत बहुधा ३४० ग्रॅम बिया असतात. कॅनडाने मेट्रिक मापं सत्तरच्या दशकातच आणली, पण ३४० ग्रॅम म्हणजे गुपचूप बारा औंस आणि ४५४ ग्रॅम म्हणजे सरळसरळ एक पौंड, हे कुणी बोलून दाखवत नाही. दोन घोटांच्या एका दमदार शॉटला १८ ग्रॅम बिया लागतात. ३४० ला १८ ने भागलं की जवळजवळ एकोणीस येतात, पण शेवटच्या शॉटला दोन ग्रॅम कमी पडतात. म्हणजे दर पिशवीच्या तळाशी सोळा ग्रॅम बिया उरतात. त्या पुऱ्या नाहीत म्हणून वापरता येत नाहीत आणि बावीस डॉलरांच्या पिशवीतल्या आहेत म्हणून टाकता येत नाहीत. मी त्यांच्यासाठी एक बरणी केली. बरणीचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, पण मराठी घरात बरणी आधी येते आणि कारण मागाहून सापडतं.

उरलेल्या अठरा शॉटांपैकी चार-पाच 'डायल-इन'मध्ये जातात. डायल-इन म्हणजे ग्राइंडरचा काटा पुढेमागे करत योग्य दळण शोधणं. नियम वरवर सोपा आहे: १८ ग्रॅम पूड, साधारण ९३ अंशांचं पाणी, ९ बार दाब, आणि पंचवीस ते तीस सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी. दळण जाड असेल तर पाणी घाईत निघून जातं आणि कॉफी आंबट होते. फार बारीक असेल तर पाणी आत अडकून बसतं आणि कॉफी कडवट उतरते. काट्यावरची केसभर हालचाल पाच सेकंदांचा फरक करते. बरं, पिशवी उघडल्यापासून बिया रोज थोड्या शिळ्या होत असतात, त्यामुळे सोमवारी सापडलेला काटा शुक्रवारी चालत नाही. सगळं जुळून येतं, पहिल्यांदा तोंडात चॉकलेट उतरतं, माणूस कौतुकाने पिशवीत हात घालतो, आणि हाताला लागतात सोळा ग्रॅम.

हे सगळं चालू असताना सांगलीहून सासरे, म्हणजे अप्पा, आले. सुपर व्हिसावर आले, म्हणजे दीर्घ मुक्कामाला. अप्पांनी उभी हयात सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात काढली. हळदीचे सौदे, गुळाचे सौदे, तासगावकडचा बेदाणा. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, गुळाचा खडा जिभेवर ठेवून त्यात काय मिसळलंय ते सांगायचं, बेदाणा दोन बोटांत दाबून त्याचं वय काढायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं की त्यांच्या जिभेला निवृत्तीचं कुणी कळवलेलंच नाही. एका कपाला १८ ग्रॅम लागतात हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हणजे दीड तोळा."

त्या दिवसापासून घरात कॉफीकडे बघायची नजर बदलली. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा मी ओट्यावर ठेवला की अप्पा चष्मा पुसून शेजारी उभे राहत. त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, पण सौद्यात काट्यावर नजर ठेवायची ती ठेवायचीच.

पिशव्यांवर चवीची वर्णनं लिहिलेली असतात. जर्दाळू, जास्वंद, डाळिंब, ऊस, 'दुधाळ चॉकलेट', 'बर्गामॉट'. कॅनडातला माल असल्याने वर्णन इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये शेजारी शेजारी असतं, आणि फ्रेंच बाजूची कॉफी नेहमी जास्त चांगली लागेल असं वाटतं. मी ही वर्णनं भाविकपणे वाचून कप तोंडाला लावत असे, आणि खरं सांगायचं तर वाचलेलं मला लागतही असे. अप्पांना इंग्रजी वाचता येतं, पण पिशवीवर काय लिहिलंय हे ते आधी वाचत नसत. "माल बघून भाव ठरवायचा, पाटी बघून नाही." एका हलक्या भाजलेल्या केनियन कॉफीवर 'काळी करवंदं आणि गुलाबी द्राक्षफळ' अशा अर्थाचं काही लिहिलं होतं. अप्पांनी घोट घेतला, टाळूवर फिरवला आणि म्हणाले, "आमसूल. नवं नाही, गेल्या वर्षीचं."

मी पुन्हा घोट घेतला. आमसूलच होतं. त्यानंतर मला त्या पिशवीत करवंद कधीच सापडलं नाही.

मग हा रोजचा खेळ झाला. 'मनुका' लिहिलेल्या पिशवीबद्दल त्यांनी विचारलं, "हिरवा बेदाणा की काळा? गोल की लांब?" यावर पिशवी गप्प. एका इथिओपियन कॉफीत त्यांना पिकल्या जांभळाचा तुरटपणा सापडला. एका गडद भाजलेल्या कॉफीबद्दल त्यांचा शेरा होता, "शेंगदाणे भाजताना फोन आला." ती कंपनी मी सांगणार नाही. तिच्या संकेतस्थळावर त्याच चवीला 'धुरकट, मर्दानी, कॅम्पफायरची आठवण करून देणारी' असं म्हटलं होतं. शेंगदाणे आणि फोन अधिक नेमकं आहे.

कॉफीच्या चवींचं एक अधिकृत चक्र आहे. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफीच्या संघटनेने ते १९९५ मध्ये काढलं आणि २०१६ मध्ये नव्याने रचलं. रंगीत, गोल, भिंतीवर लावण्याजोगं. मध्यभागी 'फळांची', 'फुलांची', 'मसाल्याची' असे ढोबळ गट, आणि बाहेर जाता जाता बारीक फोड. मी ते छापून फ्रिजवर लावलं. अप्पांनी बोट फिरवत सगळं चक्र तपासलं. चिंच नाही, आमसूल नाही, गूळ नाही, जांभूळ नाही. काकवी मात्र आहे, आणि तिच्या शेजारी मेपल सिरप, म्हणजे कॅनडाची सोय बघितली आहे. रबर आहे, पेट्रोलियम आहे, पुठ्ठा आहे. स्कंक नावाच्या प्राण्याचा दर्पदेखील आहे. हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा प्राणी आमच्या मागच्या अंगणात येतो. त्याने एकदा शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर फवारा मारला, तेव्हापासून त्या कुत्र्याशी आमचे संबंध थंड आहेत. अशी चव कॉफीत शोधणारे तज्ज्ञ काय पीत असतील याचा अप्पांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"जायफळ आहे की!"

होतं. मसाल्यांच्या गटात, लवंग, दालचिनी आणि बडीशेपेच्या भाऊबंदांत, जायफळ. अप्पांच्या आयुष्यातली कॉफी एकच: दूध, साखर, कॉफी पावडर, वर जायफळ किसून, पातेल्यात उकळलेली. ती घरात रोज होत नसे. पाहुणे आले, परीक्षा आली, कोजागिरीला दूध नको म्हणणारा कुणी निघाला, तरच. आणि एक होती लग्नातली. मांडवाच्या कोपऱ्यात फुसफुसणारं पितळी-स्टीलचं यंत्र, गाड्यावरच्या माणसाने वाफेवर फुगवलेलं दूध, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली. सगळं वऱ्हाड तिला एस्प्रेसो म्हणत असे, आणि वजनकाटा, थर्मामीटर, टायमर यांपैकी काहीही नसताना तो माणूस ताशी शंभर कप हसतमुखाने काढत असे. इटलीत लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्रही वाफेच्याच जोरावर चालायचं. पुढे चाळीसच्या दशकात मिलानच्या आकिले गाज्जिया यांनी दाब वाढवला आणि कपावर तो सोनेरी फेस आला. त्या फेसाबरोबर जगातल्या सुखी माणसांच्या घरात चिंता आली.

फेसावरून सांगायचं तर, कॅनडात एस्प्रेसो रुजवली ती महायुद्धानंतर आलेल्या इटालियन मंडळींनी. माँट्रियलमध्ये 'कॅफे इटालिया' १९५६ पासून आहे, 'ऑलिम्पिको' १९७० पासून. तिथे आजही चवींचं चक्र लागत नाही. माणूस उभ्या उभ्या पितो, फुटबॉलवर बोलतो आणि जातो. माँट्रियलहून आलेल्या एका जुन्या धाटणीच्या मिश्रणाच्या पिशवीवर अप्पांनी पहिल्यांदा पसंतीची मान हलवली. मी पाठीमागचा मजकूर वाचला. ब्राझील, आणि खाली बारीक अक्षरात इंडिया. जाड फेस यावा म्हणून इटालियन पद्धतीच्या मिश्रणांत थोडी रोबस्टा जातीची कॉफी घालतात, आणि ती पुष्कळदा आपल्या कर्नाटकातली असते. भारताची कॉफी सगळ्यांत जास्त विकत घेणारा देश इटलीच आहे. म्हणजे सांगलीपासून एका रात्रीच्या प्रवासावर पिकलेली बी अटलांटिक ओलांडून माँट्रियलला भाजली गेली आणि मिसिसागात अप्पांना ओळखीची लागली. "घरचा माल लपत नाही," ते म्हणाले. त्यांना तसं काही ठाऊक नव्हतं. पण बाजारात इतकी वर्षं काढलेला माणूस श्रेय घ्यायची संधी सोडत नाही.

पश्चिमेकडच्या पिशव्यांची तऱ्हा वेगळी. व्हँकुव्हरची 'फोर्टी-नाइन्थ पॅरलल' २००४ सालची. नाव कॅनडा-अमेरिका सीमेच्या अक्षांशावरून घेतलेलं. गंमत अशी, की टोरांटो त्या रेषेच्या बरंच दक्षिणेला, ४४ अंशांच्याही खाली आहे. निम्म्याहून अधिक कॅनडा तिच्या खालीच राहतो. कॅलगरीची 'फिल अँड सबॅस्टियन' दोन इंजिनिअरांनी २००७ मध्ये तिथल्या शेतकरी बाजारात गाळा टाकून सुरू केली. हे कळल्यावर अप्पांना त्या दोघांच्या आयांची काळजी वाटली. पोराला इंजिनिअर करायचं आणि पोराने बाजारात कॉफीचा गाळा लावायचा. मग त्यांनी कप संपवला, खाली ठेवला आणि सांगितलं की अभ्यास वाया गेलेला नाही.

नोव्हा स्कोशियाची 'जस्ट अस' ही नव्वदच्या दशकातली, कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था, कॅनडात न्याय्य व्यापाराची कॉफी भाजणारी पहिली. 'सहकारी' हा शब्द कानावर पडताच सांगलीचा माणूस ताठ बसला. चेअरमन कोण? सभासद किती? ऊस, म्हणजे कॉफी, वेळेवर उचलतात का? एवढी वर्षं झाली आणि अजून फूट पडलेली नाही, संचालक मंडळावर पाहुणेरावळे नाहीत, चेअरमन विधानसभेला उभा राहिलेला नाही, हे ऐकून ते म्हणाले, "मग ही खरी सहकारी नव्हे." कॉफी मात्र दोनदा घेतली.

रॉकी पर्वतातल्या इन्व्हरमीर गावची 'किकिंग हॉर्स' १९९६ ची. तिच्या मिश्रणांची नावं मोठ्यांदा वाचण्याजोगी नाहीत, आणि अप्पा सगळं मोठ्यांदा वाचतात. एक नाव ४५४ हॉर्सपॉवर. ४५४ हा पुन्हा तोच छुपा पौंड. कंपनीचं नाव जवळच्या खिंडीवरून आलं. १८५८ मध्ये जेम्स हेक्टर या भूगर्भशास्त्रज्ञाला तिथे त्याच्या घोड्याने अशी लाथ मारली, की सोबत्यांना तो मेला असंच वाटलं. तो बऱ्याच वेळाने शुद्धीवर आला, आणि नदीला व खिंडीला लाथाड्या घोड्याचं नाव पडलं. सकाळच्या कॉफीला याहून समर्पक इतिहास मिळणार नाही.

याच कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धमक्यांनी सगळा देश तापलेला असताना, देशभरच्या कॅफेंना आवाहन केलं, की 'अमेरिकानो' म्हणणं सोडा, 'कॅनडियानो' म्हणा. पुष्कळांनी फळ्यावरची अक्षरं पुसून लिहिलीही. मार्चमध्ये ऑन्टारिओच्या सरकारी दारूदुकानांतून अमेरिकन बाटल्या उतरल्या. शेजारीण दुकानात लिंबाच्या जाळीवरचं चिकट लेबल नखाने खरवडून मूळ देश तपासू लागली. अप्पांना फार बरं वाटलं. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतली स्वदेशी आणि बहिष्कार ही दोन सूत्रं आपण सातासमुद्रापार येऊन याचि देही याचि डोळा पाहू, असं त्यांना वाटलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की 'किकिंग हॉर्स'चा ऐंशी टक्के हिस्सा २०१७ मध्येच तुरिनच्या लाव्हाझ्झाने घेतला, बिया परदेशातल्या आहेत आणि माझं मशीनही इटालियन. अप्पा म्हणाले, "चरख्याचं लाकूड कुठून आलं, हे कुणी विचारलं होतं का?" त्या महिन्यात आमची कॉफी स्वदेशी ठरली. महागही झाली, कारण न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीने त्याच फेब्रुवारीत पौंडाला चार डॉलरांच्या वर जाऊन उच्चांक केला होता. भाव चढल्याची बातमी अप्पांनी इतक्या समाधानाने वाचली, की जणू बरणीतल्या बिया विकायच्याच होत्या.

आता ताजेपणाचं बघा. आपल्याकडे ताजं ते चांगलं. भाजी ताजी, दूध ताजं, मासा डोळे उघडे ठेवून बघणारा. पिशवीवर भाजल्याची तारीख असते, म्हणून मी कालची तारीख असलेली पिशवी विजयी मुद्रेने घरी आणली, तर शास्त्र सांगतं की लगेच उघडू नका. भाजलेल्या बीमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो निघून गेल्याशिवाय पाणी नीट आत शिरत नाही, कपात नुसता फेस येतो. आठवडाभर थांबा, हलकं भाजलेलं असेल तर दोन आठवडे. लोणच्यासारखं मुरू द्यायचं, पण लोणच्यासारखं वर्षभर टिकायची मात्र अपेक्षा करायची नाही, कारण पुढे तीनेक आठवड्यांत चव उतरते. पिशवीला एक इवलंसं भोक असतं, आतला वायू बाहेर सोडणारं आणि बाहेरची हवा आत न घेणारं. अप्पांना त्या भोकाचा वास घेत बसायला आवडे. नवऱ्याला वाटे, आपण बावीस डॉलर देऊन वायू विकत घेतला.

पिशव्या एकदम मुरून तयार होतात, म्हणून काही गोठवाव्या लागतात. हवाबंद डब्यात नीट बंद करून ठेवल्या तर बिया फ्रीझरमध्ये छान टिकतात. फ्रीझर मात्र मराठी आहे. त्यात खवलेलं खोबरं आहे, वर्षाचे मटार आहेत, गेल्या होळीच्या पुरणपोळ्या आहेत, आणि ब्रॅम्प्टनच्या एका काकूंकडून आणलेले उकडीचे मोदक, जे गणपतीपर्यंत टिकवायचेत. कोलंबियाला जागा हवी तर मोदक बाहेर काढावे लागतात. मोदक बाहेर काढले की खावे लागतात. वजन वाढलं ते असं.

आणि हिवाळा. जानेवारीत बाहेर उणे पंधरा आणि आत भट्टीची कोरडी हवा. ग्राइंडर सुरू केला की पूड कपात पडण्याऐवजी उडते, भांड्याला चिकटते, बाहीला चिकटते, चष्म्यावर बसते. ही स्थिर वीज. ज्वालामुखीच्या राखेत वीज कशी तयार होते याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी कॉफीवाल्यांशी हातमिळवणी करून २०२३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष: दळण्याआधी बियांवर थोडंसं पाणी शिंपडा. वीज कमी होते, गुठळ्या कमी होतात, अर्क जास्त उतरतो. मी बियांवर पाणी शिंपडताना अप्पांनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, "वजन वाढवायला का? हळदीतही करायचे." शास्त्रज्ञांचं नाव सांगूनही त्यांची खात्री पटली नाही.

गुठळ्या मोडायला बुचात खोचलेल्या बारीक सुया असतात, त्यांनी पूड ढवळायची, मग वरून टँपरने दाबायची. एवढं करूनही पाणी पळवाट शोधतंच, आणि एक बारीक चिळकांडी भिंतीवर. भिंतीचा रंग मुळात 'बदामी पांढरा' होता. आता ती हलकी भाजलेली आहे.

पाण्याचं वेगळंच. व्हँकुव्हरच्या नळाचं पाणी अगदी मऊ, कॅलगरीचं जड, आमचं ऑन्टारिओ सरोवराचं, मधलं. एकच पिशवी तीन शहरांत तीन चवींची. म्हणून हौशी लोक शुद्ध पाण्यात मोजून क्षार घालून स्वतःचं पाणी बनवतात. मीही त्या वळणावर आले होते. पुड्याही मागवल्या होत्या. अप्पांनी विचारलं, कृष्णेच्या पाण्यासारखं बनवता येईल का? कोणत्या ऋतूतल्या, असं मी विचारल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पुरातल्या नको."

जमलेला चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत जातो. ती कुंडी हिवाळाभर दिवाणखान्यात, खिडकीशी असते. या देशात मराठी माणसाचं सामाजिक स्थान त्याच्या कढीपत्त्याच्या उंचीवरून ठरतं. आमचा माझ्या खांद्याला लागलाय. चोथ्याने की अप्पांच्या देखरेखीने, ते कळायला मार्ग नाही.

परतायचा महिना जवळ आला तसं अप्पांनी एका संध्याकाळी सांगितलं, की आता एकदा पातेल्यातली कॉफी होऊ दे. मी म्हटलं, करू, पण जाड दळण लागेल, म्हणजे ग्राइंडरचा काटा हलवावा लागेल, आणि आजच तर तो जुळलाय. "पुन्हा जुळवायला किती जाईल?" दोन-तीन शॉट तरी. अप्पांनी मनात साडेचार तोळे केले आणि काटा हलवायला ठाम नकार दिला. मग नवऱ्याने मसाल्याचा मिक्सर काढला, आणि मी बरणी.

बरणीत सगळा देश होता. व्हँकुव्हरच्या सोळा ग्रॅम, कॅलगरीच्या सोळा, नोव्हा स्कोशियाची सहकारी, माँट्रियलची अर्धी कर्नाटकी, केनियाचं आमसूल, आणि तळाशी शेंगदाणे-फोनवालीसुद्धा. हलकं, गडद, मुरलेलं, शिळं, सगळं मिक्सरमधून एकदमच फिरलं. मिक्सरच्या भांड्याला आदल्या दिवशीच्या गोडा मसाल्याचा वास होता. दूध, साखर, एक उकळी, वर जायफळ. काटा नाही, घड्याळ नाही.

अप्पांनी बशीत ओतून घेतली. फुंकर मारली, प्यायली, डोळे मिटले. आम्ही दोघं चक्राकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते म्हणाले, "ही कुठल्या कंपनीची? जाताना दोन पिशव्या नेईन म्हणतो. यार्डातल्या लोकांना द्यायला."

नवऱ्याने कागद ओढला आणि हिशेब मांडायला घेतला: या कॉफीच्या दोन पिशव्या भरतील एवढी बरणी पुन्हा साठवायची, तर देशभरच्या किती पिशव्या आणाव्या लागतील, आणि त्यांतले प्रत्येकी अठरा शॉट कोण पिणार.